मोटर का जळते? दाब, प्रवाह आणि रोध यांचा हिशेब

(जिल्हा बैठकीत कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलणारे आज पुष्कळ आहेत. माझ्याकडे विषय आला आहे विजेचा, आणि तोही गणिताचा. जेवणानंतर गणित म्हणजे मागच्या ओळी झोपणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून आधी एकच प्रश्न विचारतो. गेल्या तीन वर्षांत ज्यांची मोटर एकदा तरी जळली, त्यांनी हात वर करा.

बघा. निम्म्याहून जास्त हात वर आहेत. आता दुसरा प्रश्न. मोटर जळली त्या वेळी होल्टेज किती होतं आणि मोटर किती अँपियर घेत होती, हे ज्यांना सांगता येईल त्यांनी हात वर ठेवा, बाकीच्यांनी खाली घ्या.

एक हात राहिला. भाषण याच कारणासाठी आहे.

आपण कोरडवाहू माणसं. विहिरीला पाणी असलं तरी ते दोन-चार एकरांपुरतं. पण पऱ्हाटी बोंडावर आली आणि पावसानं दडी मारली, तर ते एक ओलित वर्षाचा हिशेब बदलतं. ज्वारी पोटरीत असताना दिलेलं एक पाणी तसंच. नेमकी त्याच आठवड्यात मोटर जळते. कारण त्याच आठवड्यात सगळ्या शिवारातले पंप एकदम सुरू असतात. एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल राज्य सरकारनं माफ केलेलं आहे. विजेचं बिल शून्य आलं. पण रिवाइंडिंगचं बिल शून्य आलं का? मोटर विहिरीतून काढायची मजुरी, तालुक्याला न्यायचं भाडं, आणि पाण्याविना गेलेले आठ दिवस कुणी माफ केले? तो हिशेब आपल्याच अंगावर आहे, म्हणून तो आपल्याला मांडता आला पाहिजे.

माझी फजिती

मी शेतकी कॉलेजचा पदवीधर. खतांचे डोस तोंडपाठ, पण विजेतलं काही कळत नव्हतं. माझ्या घरच्या वावरातली पाच हॉर्सपॉवरची मोटर एका हंगामात दोनदा जळली. मी चिडलो. पंचवीस-तीस जण घेऊन वीज कार्यालयावर गेलो. होल्टेज देत नाही, मोटरी जाळता, नुकसानभरपाई द्या, असा आवाज केला. तिथल्या इंजिनिअरनं शांतपणे विचारलं, "होल्टेज किती होतं? मीटरपाशी मोजलं की विहिरीपाशी?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. पंचवीस माणसं मागे उभी, आणि मी गप्प. त्या दिवशी ठरवलं की यापुढे आकड्याशिवाय या दारात यायचं नाही.

तीन शब्द

वीज दिसत नाही, पण पाणी दिसतं. म्हणून पाण्यावरून समजून घेऊ. टाकी जितकी उंच तितका पाण्याला दाब जास्त. विजेचा दाब म्हणजे होल्टेज, तो व्होल्टमध्ये मोजतात. पाइपातून किती पाणी वाहतं तो प्रवाह. विजेचा प्रवाह अँपियरमध्ये मोजतात. आणि पाइप बारीक असला, लांब असला, आत शेवाळ साचलं असलं, तर पाण्याला जी अडवणूक होते तो रोध. विजेचा रोध ओहममध्ये मोजतात. ओहम हे जर्मनीतल्या एका शिक्षकाचं नाव. कुलुपं करणाऱ्या कारागिराचा हा मुलगा. यानं १८२७ साली नियम छापला, तो एका ओळीचा आहे.

दाब भागिले प्रवाह म्हणजे रोध. किंवा उलटं, प्रवाह गुणिले रोध म्हणजे दाब.

दुसरी ओळ शक्तीची. दाब गुणिले प्रवाह म्हणजे शक्ती, ती वॅटमध्ये. आणि ७४६ वॅट म्हणजे एक हॉर्सपॉवर.

आता घरातला जुना पिवळा दिवा घ्या, १०० वॅटचा. होल्टेज २४०. शंभराला २४० नं भागा, प्रवाह आला ०.४२ अँपियर. आता २४० ला त्या प्रवाहानं भागा, रोध आला सुमारे ५७६ ओहम. संध्याकाळी होल्टेज १६० वर आलं. १६० भागिले ५७६, प्रवाह राहिला ०.२८ अँपियर. १६० गुणिले ०.२८ म्हणजे ४५ वॅटसुद्धा नाही. दाब एक तृतीयांशानं उतरला, पण शक्ती निम्म्याहून खाली गेली, कारण दाबाबरोबर प्रवाहही उतरला. (तार थंड झाली की तिचा रोध थोडा कमी होतो, म्हणून खरा आकडा जरा वर येईल. पण उजेड याहूनही जास्त पडतो.) दिवा मिणमिणतो, पण जळत नाही. कमी होल्टेजनं दिव्याचं आयुष्य उलट वाढतं.

मग मोटर का जळते?

मोटर दिव्यासारखी नाही

मोटरला काम दिलेलं आहे. विहिरीची खोली होल्टेज उतरलं म्हणून कमी होत नाही. पाणी तितकंच वर चढवायचं, म्हणजे शक्ती जवळजवळ तेवढीच लागणार. शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. दाब कमी झाला तर शक्ती तेवढीच ठेवायला प्रवाह वाढलाच पाहिजे.

पाच हॉर्सपॉवर म्हणजे ३,७३० वॅट. मोटर स्वतः काही खाते, म्हणून तारेतून सुमारे ४,५०० वॅट घेते. तीन फेजच्या हिशेबात १.७३ नं गुणावं लागतं. हा आकडा कुठून आला? फेज आणि न्यूट्रल यांत मोजलं तर २४०, दोन फेजमध्ये मोजलं तर ४१५. ४१५ ला २४० नं भागा, १.७३ येतात. शिवाय मोटर घेते तो सगळाच प्रवाह कामाचा नसतो. शंभरातला ऐंशी कामाचा धरा, म्हणजे ०.८. याला पॉवर फॅक्टर म्हणतात.

आता मांडा. ४,५०० भागिले (१.७३ × ४१५ × ०.८). उत्तर सुमारे ७.८ अँपियर. हेच गणित ३२० व्होल्टवर करा, उत्तर सुमारे १०.२ अँपियर.

तुम्ही म्हणाल, अडीच अँपियर वाढले तर काय बिघडलं? इथे तिसरी ओळ येते, आणि आजच्या भाषणातली हीच खरी ओळ आहे. तारेत तयार होणारी उष्णता म्हणजे प्रवाह गुणिले प्रवाह गुणिले रोध. प्रवाह दोनदा मोजला जातो. प्रवाह १.३ पट झाला, तर उष्णता १.३ गुणिले १.३ म्हणजे जवळजवळ १.७ पट. वाइंडिंगच्या तारेवरचा लेप ही उष्णता सहन करत नाही. तो करपतो, तार तारेला टेकते, आणि धूर निघतो.

मग स्टार्टरमधली ओव्हरलोड रिले कशाला आहे? प्रवाह वाढला की मोटर बंद करायला. पण आपण काय करतो? मोटर सारखी बंद पडते म्हणून रिलेचा आकडा वर सरकवतो. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार घालतो. राखणदार भुंकतो म्हणून त्याचं तोंड बांधायचं, आणि मग चोरी झाली म्हणून ओरडायचं!

आणखी एक गोष्ट. वाइंडिंगचा रोध मीटरनं मोजला तर समजा ५ ओहम आला. ४१५ भागिले ५ म्हणजे ८३ अँपियर. मग चालू मोटर आठच कशी घेते? कारण फिरणारी मोटर स्वतः उलटा दाब तयार करते आणि आलेल्या विजेला थोपवून धरते. मोटर फिरायची थांबली, पंखा गाळात अडकला, तर तो उलटा दाब नाहीसा होतो. प्रवाह एकदम पाच-सहा पट होतो. प्रत्येक वेळी मोटर सुरू करताना क्षणभर हेच घडतं. म्हणून मोटर गुरगुरते पण फिरत नाही, असं दिसलं की मनात आकडे मोजायचे नाहीत, आधी बटण बंद करायचं. एक फेज गेला असतानाही तेच. दोन फेजवर ओढणारी मोटर उभी राहिली तरी जळते, चालत राहिली तरी जळते.

दोष कुणाचा?

आता माझ्या वावरात परत या. कार्यालयातून मान खाली घालून आलो आणि ओळखीच्या वायरमनला बरोबर घेतलं. त्याच्याकडे टंग टेस्टर होता. तो तारेला नुसता चिमट्यासारखा लावायचा, तार तोडावी लागत नाही. मोटर चालू असताना मीटरपेटीपाशी होल्टेज ३९२. विहिरीवर स्टार्टरपाशी ३४०. प्रवाह ९ अँपियर.

मधले ५२ व्होल्ट कुठे गेले? कार्यालयात गेले नाहीत. माझ्याच धुऱ्यावरून गेलेल्या केबलमध्ये गेले. ५२ भागिले (१.७३ × ९), प्रत्येक तारेचा रोध आला सुमारे ३.३ ओहम. केबल होती अ‍ॅल्युमिनियमची, अडीच चौरस मिलिमीटरची, २४० मीटर लांब. अशा तारेचा रोध एका किलोमीटरला १२.१ ओहम असतो. म्हणजे २४० मीटरला २.९ ओहम. मग वरचा ०.४ ओहम कुठला? उंदरानं कुरतडलं, नांगर लागला, असं म्हणत तीन ठिकाणी मी स्वतः पीळ देऊन टेप गुंडाळली होती. त्या जोडांचा तो रोध.

आता उष्णता. ९ गुणिले ९ गुणिले ३.३, आणि तारा तीन. सुमारे ८०० वॅट. एक हॉर्सपॉवर ७४६ वॅटची. पाच घोड्यांचं काम करायला आणलेल्या विजेतला एक घोडा विहिरीवर पोचायच्या आत धुऱ्यावरच मरत होता! आणि उरलेली वीज कमी दाबाची म्हणून मोटर जास्त प्रवाह ओढत होती, त्यामुळे केबल आणखी तापत होती.

मीटरपाशी ३९२ होते. आपल्याकडे १९५६ च्या भारतीय वीज नियमांत असं होतं की या दाबाच्या पुरवठ्यात ठरलेल्या दाबापेक्षा सहा टक्क्यांहून जास्त फरक पडू नये. पुढे राज्य वीज नियामक आयोगानं कृती-मानकं केली, त्यातही सहा टक्केच धरले. ४१५ चे सहा टक्के म्हणजे २५. म्हणजे ३९० ते ४४०. आणि हे बंधन पुरवठा जिथे दिला जातो तिथपर्यंतचं, म्हणजे मीटरपर्यंतचं. मीटरपासून विहिरीपर्यंत राज्य आपलं. माझ्याकडे मीटरवर ३९२ होते. ज्यांच्यावर मी पंचवीस माणसं घेऊन गेलो होतो, ते निदान त्या दिवशी नियमात होते.

मी केबल बदलली. तांब्याची, चार चौरस मिलिमीटरची, एकसंध. तिचा रोध किलोमीटरला ४.६ ओहम, म्हणजे २४० मीटरला १.१ ओहम. मीटरवर तेच ३९२ असताना विहिरीवर ३७६ मिळाले, प्रवाह ८.३ वर आला, केबलमधली उष्णता ८०० वॅटवरून सुमारे २३० वॅटवर उतरली. ही मोटर अजून चालते आहे. हा खर्च दोन रिवाइंडिंगच्या आधी केला असता तर बरं झालं असतं, पण शिकायची फी भरावी लागते.

जोडाचंही ऐका. एका ढिल्या जोडाचा रोध अर्धा ओहम झाला आणि आठ अँपियर वाहिले, तर ८ × ८ × ०.५ म्हणजे ३२ वॅट. डाग द्यायच्या इस्तरीएवढी उष्णता एका बोटाएवढ्या जागेत, आठ-आठ तास. मग टेप वितळते, आणि पावसाळ्यात त्याच जागी बैल मरतो.

डीपीचं गणित

पण दोष नेहमी आपलाच असतो असं मी म्हणत नाही. एका गावात एकाच डीपीवरच्या नऊ जणांनी एकाच संध्याकाळी, एकाच वेळी, आपापल्या मीटरपाशी होल्टेज मोजलं. सगळ्यांचे आकडे ३३० ते ३४५ मध्ये. इथे केबलचा प्रश्नच नाही. हा दोष डीपीचा.

डीपी ६३ केव्हीएची. तिची ताकद सुमारे ८४ अँपियर. पाच हॉर्सपॉवरची मोटर ७.८ अँपियर घेते, म्हणजे दहा मोटरी झाल्या की डीपी भरली. कागदावर मोटरी होत्या अकरा. शिवारात मोजल्या तर सोळा. सोळा गुणिले ७.८ म्हणजे १२५ अँपियर.

वरच्या पाच मोटरी कुणाच्या? आपल्याच. आकडा टाकणाराही आपलाच भाऊ असतो, आणि त्याच्या आकड्यानं शेजाऱ्याची मोटर जळते, हे त्या गावानं बसून कबूल केलं. त्या पाच जणांनी रीतसर अर्ज भरले. मग नऊ जणांचे आकडे, तारीख, वेळ, सह्या असा एक कागद कार्यालयात दिला. आधी उत्तर आलं, सगळं नियमात आहे. गावकरी म्हणाले, तुमचं मीटर घेऊन या आणि आमच्यासमोर मोजा. ते आले, मोजलं, आकडा तोच निघाला. पुढच्या हंगामाआधी दुसरी डीपी बसली. त्या कागदावर एकही घोषणा नव्हती.

दुसरी डीपी येईपर्यंत त्यांनी दोन कामं स्वतः केली. एक, ऑटो स्विच काढले. वीज आली की सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू होतात, आणि सुरू होताना प्रत्येक मोटर पाच-सहा पट ओढते. दहा मोटरी, प्रत्येकी ७.८ चे सहा पट, म्हणजे ४६८ अँपियर, आणि डीपी ८४ ची! फ्यूज उडणार नाही तर काय होईल? त्यांनी पाच-पाच मिनिटांच्या पाळ्या लावल्या.

दुसरं, प्रत्येकानं मोटरपाशी कपॅसिटर बसवला. पाच हॉर्सपॉवरला दोन केव्हीएआरचा. मघाशी म्हटलं की शंभरातला ऐंशीच प्रवाह कामाचा. बिनकामाचा बराच भाग कपॅसिटर जागेवरच पुरवतो, तो डीपीपासून आणावा लागत नाही. गणित केलं तर तारेतला प्रवाह ७.८ वरून सुमारे ६.५ वर येतो, आणि तारेतली उष्णता शंभराची सत्तर होते. एकानं बसवून डीपीला फरक पडत नाही. सगळ्यांनी बसवला तर दहाच्या जागी बारा मोटरी त्याच डीपीवर निघतात. स्टार्टरजवळ मेलेला कपॅसिटर नुसता लोंबकळत असतो, तसा नको. वर्षातून एकदा त्याचाही प्रवाह तपासून घ्या.

एक जिवाचं गणित

शेवटी एक गणित, पैशाचं नाही. माणसाच्या कोरड्या कातडीचा रोध पुष्कळ असतो. पण ओलित करताना हात ओले, पाय चिखलात. तेव्हा अंगाचा रोध हजार ओहमपर्यंत खाली येतो. २४० भागिले १,०००, म्हणजे ०.२४ अँपियर. हृदयाची लय बिघडायला याचा पाचवा हिस्सासुद्धा पुरतो. मोटरला आठ अँपियर लागतात, माणसाला मारायला पाव अँपियरही लागत नाही. आठ अँपियरसाठी असलेला फ्यूज तुमच्या पाव अँपियरसाठी उडणार नाही, ही गोष्ट नीट ध्यानात घ्या. त्यासाठी स्टार्टरच्या लोखंडी पेटीला चांगलं अर्थिंग पाहिजे, आणि गळती पकडणारा ३० मिलिअँपियरचा ब्रेकर पाहिजे. पायाखाली कोरडी लाकडी फळी, आणि हात कोरडा. डीपीला आपण हात लावायचा नाही, मोठेपणासाठीसुद्धा नाही. मोजमापही जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यायचं.

काय करायचं?

प्रत्येक गावात एक टंग टेस्टर वर्गणीतून घ्या. प्रत्येक पंपामागे वहीचं एक पान ठेवा. त्यावर पाच आकडे लिहा. मोटर बंद असताना मीटरपाशी होल्टेज. मोटर चालू असताना मीटरपाशी होल्टेज. मोटर चालू असताना स्टार्टरपाशी होल्टेज. तिन्ही फेजचा प्रवाह. आणि केबलची लांबी, जाडी, धातू. सोबत तारीख आणि वेळ.

मीटरवर ३९० च्या खाली असेल तर भांडण कार्यालयाशी. मीटरवर ठीक आणि विहिरीवर कमी असेल तर भांडण आपल्या केबलशी. दोन्हीकडे ठीक आणि प्रवाह तरीही जास्त असेल तर भांडण पंपाशी किंवा मिस्त्रीशी. तिन्ही फेजचा प्रवाह एकमेकांपासून फार वेगळा असेल तर मोटर जळायची वाट न बघता दाखवून घ्या.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना ही वही आणा. तेव्हा मी पुन्हा तेच दोन प्रश्न विचारणार आहे. पहिल्या प्रश्नाला कमी हात वर आले आणि दुसऱ्याला जास्त, तर आजची दुपार कामी आली असं मी समजेन.

एवढं बोलून थांबतो. वायरमन भाऊ टेस्टर घेऊन मागे बसलेले आहेत. ज्यांना हाताळून बघायचा आहे त्यांनी चहाच्या वेळी त्यांच्याकडे जावं.